डीएसईतून थेट सेकंड इयर ईअँडटीसी: हुकलेली प्रॅक्टिकल्स, टर्म वर्क आणि लॅबचे नियम

कोरा_जर्नल

डिप्लोमा करून डीएसईतून (डायरेक्ट सेकंड इयर इंजिनिअरिंग) पुणे विद्यापीठाच्या एका कॉलेजात ईअँडटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) सेकंड इयरला प्रवेश घेतलाय. कॅप (केंद्रीय प्रवेश) राउंड लांबले, त्यामुळे प्रवेश होईपर्यंत माझ्या बॅचची इलेक्ट्रॉनिक सर्किट्सची तीन प्रॅक्टिकल्स उरकली होती: ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारं चार डायोडचं सर्किट), बीजेटी बायसिंग (ट्रान्झिस्टरचे डीसी व्होल्टेज ठरवणं) आणि सिंगल स्टेज सीई (कॉमन एमिटर) अँप्लिफायर. हातात लॅबच्या नियमांचं एक पान मिळालंय. त्यात ७५ टक्के हजेरी, कंटिन्युअस असेसमेंट, रिपीट टर्न (हुकलेलं प्रॅक्टिकल पुन्हा करायची वेळ), ब्रेकेज (मोडतोडीची वसुली) आणि 'कॉपी आढळल्यास शून्य' एवढंच आहे. डिप्लोमात छापील मॅन्युअल असायचं, रिकाम्या जागा भरायच्या आणि सही घ्यायची. इथे कोरी पानं आहेत.

शंका अशा:
१) टर्म वर्कचे (सेमिस्टरभराच्या लॅबच्या कामाचे) मार्क नक्की कशावर पडतात? हुकलेल्या तीन प्रॅक्टिकल्सचं काय करायचं?
२) रीडिंग ग्रुपमध्ये एकच असतात, मग कॉपी कशाला म्हणतात?
३) सीई अँप्लिफायर रिपीट टर्नमध्ये एकट्याने लावायचा झाला तर दोन तासांत कसा बसवायचा?
४) प्रॅक्टिकल परीक्षेत बाहेरचे सर काय बघतात?


सेमीलॉग

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण अर्धा गोंधळ तिथेच होतो. टर्म वर्क, प्रॅक्टिकल आणि ओरल हे पासिंगचे वेगवेगळे हेड आहेत. थिअरीचे सेमिस्टरच्या आतले ३० आणि शेवटच्या परीक्षेचे ७० ही वेगळी भानगड. थिअरीत ऐंशी पडले म्हणून प्रॅक्टिकलचं नापास भरून निघत नाही, प्रत्येक हेडला स्वतंत्र ४० टक्के लागतात. तुमच्या विषयाला यातले कोणते हेड आहेत आणि किती मार्कांचे, ते सिलॅबसच्या सुरुवातीच्या स्ट्रक्चरच्या तक्त्यात असतं. पॅटर्न बदलला की तक्ताही बदलतो, म्हणून सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नका. आपल्या पॅटर्नची पीडीएफ उघडा आणि तो तक्ता वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या.

टर्म वर्कची आतली वाटणी कॉलेजागणिक वेगळी असते, पण साचा एकच. समजा प्रत्येक प्रॅक्टिकल १० मार्कांचं: २ वेळेत सबमिशनला, ४ प्रत्यक्ष जोडणी आणि रीडिंगला, ४ समज म्हणजे चेकिंगच्या वेळच्या प्रश्नांना. बारा प्रॅक्टिकल्सचे १२०, ते २५ वर आणले जातात. आता हिशोब करा. तीन प्रॅक्टिकल्स केलीच नाहीत तर बाकी सगळं शंभर टक्के असूनही १२० पैकी ९०, म्हणजे २५ पैकी १८.७५. तीच तीन रिपीट टर्नमध्ये उशिरा केली आणि फक्त वेळेचे दोन-दोन गेले तर १२० पैकी ११४, म्हणजे २३.७५. पाच मार्कांचा फरक आहे, आणि तो सहा तासांच्या कामाने मिळतो.

हजेरीबाबत: लेक्चरची आणि प्रॅक्टिकलची हजेरी बहुतेक ठिकाणी वेगळी मोजतात. बारा टर्न असतील तर ७५ टक्के म्हणजे नऊ. उशिरा प्रवेश असेल तर हजेरी साधारणपणे प्रवेशाच्या तारखेपासून धरतात, पण ते गृहीत धरू नका. प्रवेशाच्या पावतीची झेरॉक्स जोडून क्लास टीचर आणि विषयाचे सर, दोघांना अर्ज द्या आणि पोच घ्या. डिफॉल्टर लिस्ट (हजेरी कमी असलेल्यांची यादी) लागते तेव्हा सॉफ्टवेअरमधल्या सुरुवातीच्या तीन आठवड्यांच्या गैरहजेऱ्या कोणी आपणहून पुसत नाही.

हजेरीतली सूट ही हजेरीपुरती असते. मेडिकल सर्टिफिकेटचंही तसंच. गैरहजेरी माफ होते, प्रयोग माफ होत नाही. जर्नलवर सर्टिफिकेटची सही हवी असेल तर यादीतली सगळी प्रॅक्टिकल्स लागतात.


लॅबची_किल्ली

रिपीट टर्नबद्दल. ती सेमिस्टरच्या शेवटच्या आठवड्यात लागते आणि त्या आठवड्यात निम्मा वर्ग लॅबच्या दारात उभा असतो. सीआरओ (सिग्नल पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप) तेवढेच, माणसं दुप्पट. त्यापेक्षा आत्ताच दुसऱ्या बॅचबरोबर बसण्याची परवानगी काढा. बऱ्याच लॅबमध्ये प्रॅक्टिकल्स सायकलने चालतात, म्हणजे तुमच्या बॅचचा रेक्टिफायर होऊन गेला तरी दुसरी एखादी बॅच तो अजून करायची असते. नोटीस बोर्डवरचा बॅचवार तक्ता बघा, तुमच्या टाइमटेबलशी न भिडणारी टर्न शोधा आणि दोन्ही सरांच्या सहीची चिठ्ठी घेऊन या. चिठ्ठीशिवाय बसलात तर काम होईल, पण मार्क कोणाच्या शीटवर चढवायचे हा प्रश्न राहील.

ब्रेकेजबद्दल. बीसी५४७ किंवा रेझिस्टर जळला तर कोणी काही म्हणत नाही, ते खपणारच. वसुली होते ती मीटर, प्रोब आणि पॉवर सप्लायची. वस्तू घेताना इश्यू रजिस्टरवर सही करता, ती चांगल्या स्थितीत मिळाल्याची सही असते. म्हणून सही करण्याआधी दोन मिनिटं द्या: सीआरओच्या केबलची दोन्ही टोकं कंटिन्युइटीवर तपासा, सप्लायचं आउटपुट मीटरने मोजा, मीटरच्या वायरी एकमेकींना लावून बीप येतो का बघा. आधीच बिघडलेलं असेल तर तेव्हाच सांगा. टर्न संपल्यावर सांगितलंत तर ते तुमच्या ग्रुपच्या नावावर जातं.

मीटर जाण्याचं कारण दहापैकी नऊ वेळा एकच असतं. करंट मोजला, लाल वायर मिलिअँपिअरच्या सॉकेटमध्येच राहिली आणि मग व्होल्टेज मोजायला सप्लायला समांतर लावली. मीटर करंटवर असताना जवळजवळ वायरच असतो, फ्यूज उडतो. तुमच्या सर्किटात करंट मोजायची गरजच नाही. कलेक्टर रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजा आणि भागाकार करा. २.२ किलोओमवर ४.३ व्होल्ट म्हणजे १.९५ मिलिअँपिअर. सर्किट तोडायला नको, फ्यूजही शाबूत.


डीसी_आधी

तिसऱ्या प्रश्नाला धरून. दोन तास पुरतात, पण राइट-अप घरून तयार असेल तरच. सर्किट, किमती आणि अपेक्षित आकडे वहीत लिहून आलात तर टेबलावर फक्त जुळवायचं राहतं. किमती तुमच्या लॅबच्या शीटप्रमाणे घ्या. उदाहरणाला हे घेतो:

सप्लाय १२ व्होल्ट, बेसच्या डिव्हायडरचे आर१ (सप्लायकडचा) ३३ के आणि आर२ (ग्राउंडकडचा) ६.८ के, कलेक्टरचा आरसी २.२ के, एमिटरचा आरई ६८० ओम, लोड १० के, ट्रान्झिस्टर बीसी५४७, कपलिंग कपॅसिटर १० मायक्रोफॅरडचे दोन, एमिटर बायपास १०० मायक्रोफॅरड.

घरी काढायचे आकडे: डिव्हायडरने बेसला २.०५ व्होल्ट, बेस करंटमुळे प्रत्यक्षात २.० च्या आसपास. एमिटर त्याहून ०.७ कमी, म्हणजे १.३. एमिटर करंट १.३ भागिले ६८०, म्हणजे १.९ मिलिअँपिअर. कलेक्टर १२ वजा ४.२, म्हणजे ७.८. व्हीसीई (कलेक्टर-एमिटरमधलं व्होल्टेज) साडेसहाच्या जवळ. हे आकडे वहीत 'थिअरॉटिकल' रकान्यात आधीच हवेत.

टेबलावरचा क्रम असा. सिग्नल न लावता फक्त डीसी द्या आणि बेस, एमिटर, कलेक्टर हे तीन व्होल्टेज ग्राउंडच्या सापेक्ष मोजा. हे तीन आकडे बरोबर येईपर्यंत फंक्शन जनरेटरला हात लावायचा नाही. चुकलेलं काय ते हेच आकडे सांगतात:

– कलेक्टर १२ व्होल्ट आणि एमिटर शून्य: ट्रान्झिस्टर बंद आहे. बेस बघा. बेसही शून्य असेल तर आर१ ची जोडणी सुटली आहे, किंवा ब्रेडबोर्डची पॉवरची पट्टी मधोमध तुटलेली आहे. ८३० पॉइंटच्या बऱ्याच बोर्डांवर लाल-निळी रेघ मध्येच खंडित दिसते, तिथे आतली पट्टीही दोन तुकड्यांत असते. जंपर टाका.
– कलेक्टर आणि एमिटर जवळजवळ सारखे, तीनेक व्होल्ट: सॅच्युरेशन, म्हणजे ट्रान्झिस्टर पूर्ण चालू. बहुधा आर२ च्या जागी ६.८ के ऐवजी ६८ के लागलाय. निळा-करडा-लाल म्हणजे ६.८ के, निळा-करडा-नारिंगी म्हणजे ६८ के. ट्यूबलाइटच्या उजेडात लाल आणि नारिंगी सहज फसवतात, मीटरने मोजून लावा.
– ट्रान्झिस्टर बंद नाही, पण एमिटर अपेक्षेपेक्षा खाली, कलेक्टर वर आणि पुढे गेनही अगदीच कमी: कलेक्टर-एमिटर उलटे लागले असण्याची शक्यता. बीसी५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. लॅबने २एन२२२२ दिला तर सावध, धातूच्या टोपीच्यात टोपीला असलेल्या खाचेजवळचा पाय एमिटर असतो. प्लॅस्टिकच्या २२२२ मध्ये तर बनावटीनुसार पायांचा क्रम दोन्ही तऱ्हांचा मिळतो. मीटरच्या एचएफई (ट्रान्झिस्टरचा करंट गेन मोजणाऱ्या) सॉकेटमध्ये घालून खात्री करा.

आता सिग्नल. या सर्किटचा गेन १३० च्या आसपास आहे, त्यामुळे इनपुटला १० मिलिव्होल्ट पीक-टू-पीकच्या घरातलं काहीतरी हवं. फंक्शन जनरेटर तितकं खाली स्वच्छ जात नाही आणि गेला तरी सीआरओवर ते गवतासारखं दिसतं. जनरेटरच्या पुढे १० के आणि १०० ओमचा डिव्हायडर लावा, जनरेटर १ व्होल्ट पीक-टू-पीकवर ठेवा आणि डिव्हायडरच्या आधी मोजा. अँप्लिफायरचा इनपुट इंपीडन्स १.८ किलोओमच्या आसपास असल्यामुळे १०० ओमचे प्रत्यक्षात ९५ होतात आणि आत ९.४ मिलिव्होल्ट पोचतात. आउटपुट १.२४ व्होल्ट आलं तर गेन १३२. इनपुट नुसतं १०१ ने भागून गेन १२५ लिहिलात तरी चालेल, पण पाच टक्के कुठे गेले हे विचारलं तर सांगता यायला हवं.

शेवटचा आणि नेहमीचा घोळ बायपास कपॅसिटरचा. लोअर कटऑफ (जिच्या खाली गेन पडायला लागतो ती फ्रिक्वेन्सी) कपलिंगने ठरत नाही, एमिटरच्या कपॅसिटरने ठरते, कारण त्याला दिसणारा रेझिस्टन्स ६८० ओम नसून जेमतेम १४ ओम असतो. १०० मायक्रोफॅरडला कटऑफ ११४ हर्ट्झ येते. डब्यात सापडला म्हणून १० मायक्रोफॅरड लावला तर ती १.१ किलोहर्ट्झवर जाते, आणि तुम्ही १ किलोहर्ट्झला मिडबँड (जिथे गेन सपाट असतो तो भाग) धरून गेन मोजत बसता. मग गेन १३० ऐवजी नव्वदच्या खाली दिसतो आणि दोष ट्रान्झिस्टरला. कपॅसिटरची वजा बाजू ग्राउंडला, हे वेगळं सांगायला नको.


कोरा_जर्नल

खूपच उपयोगी, धन्यवाद. एक उपशंका. एलटीस्पाइसमध्ये (सर्किट सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर) हेच सर्किट चालवलं तर अप्पर कटऑफ तीन मेगाहर्ट्झच्या आसपास दाखवतंय. बॅचमधल्या मुलांच्या जर्नलमध्ये मात्र सहाशे ते सातशे किलोहर्ट्झ आहे. यातलं बरोबर कोणतं?


डीसी_आधी

दोन्ही बरोबर, फक्त दोन वेगळ्या सर्किटांची आहेत. लॅबमध्ये आउटपुटला मीटरभर बीएनसी-क्रोकोडाइल केबल लागलेली असते. तिची कपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पिकोफॅरड, सीआरओच्या इनपुटची २५ धरा. हे १२५ पिकोफॅरड २.२ के समांतर १० के म्हणजे १.८ किलोओमच्या पुढे बसतात. कटऑफ ७०० किलोहर्ट्झ. ब्रेडबोर्डच्या शेजारच्या ओळींमधले दोन-चार पिकोफॅरड कलेक्टर-बेसमध्ये येतात आणि मिलर इफेक्टमुळे (अँप्लिफायरच्या गेनमुळे) इनपुटला शंभरपटीने मोठे दिसतात, ते आणखी थोडं खाली ओढतात. थोडक्यात, जर्नलमधली अप्पर कटऑफ ही वायरीची आहे, ट्रान्झिस्टरची नव्हे. १०एक्स प्रोब मिळाला तर लावून बघा, कपॅसिटन्स १५ पिकोफॅरडच्या आसपास येईल आणि कटऑफ एकदम वर सरकेल. स्पाइसमध्ये आउटपुटला १२५ पिकोफॅरडचा कपॅसिटर जोडा, तिथेही आकडा खाली येईल. कन्क्लूजनमध्ये ही दोन वाक्यं लिहिलीत तर चेकिंगला दुसरा प्रश्न विचारायची गरज पडत नाही.


सेमीलॉग

आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. स्पाइसवरून उचललेली रीडिंग ओळखायला काही शोधमोहीम लागत नाही. अप्पर कटऑफ तीन मेगाहर्ट्झ लिहिलेली असते, आणि त्या टेबलावरचा जनरेटर एक मेगाहर्ट्झच्या वर जातच नाही.

कॉपीची रेषा कुठे, ते सांगतो. एका टेबलावरच्या तिघांची रीडिंग एकच असणार, ती कॉपी नाही. फक्त टेबल नंबर, तारीख आणि ग्रुपमधल्यांची नावं वर लिहा. गणित, ग्राफ आणि कन्क्लूजन मात्र प्रत्येकाचं स्वतःचं. दोन वेगळ्या टेबलांवर गेन १३१.७ असा दशांशापर्यंत सारखा येत नाही. रेझिस्टर पाच टक्के टॉलरन्सचे असतात, ट्रान्झिस्टरचा बीटा (करंट गेन) नगागणिक वेगळा असतो. तिथे शून्य मिळतं, आणि देणाऱ्याला व घेणाऱ्याला दोघांनाही मिळतं, हे पानावर लिहिलेलं नसेल तरी धरून चाला.

एआयकडून थिअरी लिहून घेण्याबद्दल आता बऱ्याच पानांवर ओळ असते, तुमच्या पानावर नसेल तर सरांना विचारून घ्या. थिअरीच्या दीड पानाला तसेही फारसे मार्क नसतात. अडचण येते ती कन्क्लूजनमध्ये. 'अशा प्रकारे सीई अँप्लिफायरचा अभ्यास केला आणि थिअरॉटिकल व प्रॅक्टिकल व्हॅल्यू जुळल्या' हे वाक्य रीडिंग न बघता लिहिता येतं, म्हणून त्याला काही मिळत नाही. तुमचा आकडा, अपेक्षित आकडा, फरक किती टक्के आणि तो का, एवढ्या चार ओळी पुरतात.

रफ वहीबद्दलही नियम कडक असतात, आणि असावेत. रीडिंग पेनने, थेट वहीत. चुकलं तर एक आडवी रेघ, बाजूला नवा आकडा. व्हाइटनर नाही, सुट्या कागदावर नाही. मीटर कोणत्या रेंजवर होता तेही लिहा. त्याच दिवशी लॅब सुटायच्या आत वहीवर सही घ्या. पुढच्या आठवड्यात आणलेल्या वहीवर सही करायला कोणी तयार होत नाही, कारण ती रीडिंग कुठून आली हे कोणालाच सांगता येत नाही.


हॉटसाइड

सेमीलॉग सरांशी एका बाबतीत सहमत नाही. हुकलेल्या प्रॅक्टिकलला सिम्युलेशन चालवून घ्यायला काय हरकत आहे? कोविडच्या काळात तर सगळं व्हर्च्युअल लॅबवरच झालं.


सेमीलॉग

पूर्वतयारी म्हणून जरूर करावं, मी तर सक्तीचंच करीन. बदली म्हणून नाही. तेव्हा लॅब बंद होत्या, आता उघड्या आहेत. आणि प्रॅक्टिकल परीक्षेत समोर ब्रेडबोर्ड ठेवतात, लॅपटॉप नाही.


परस्थ_परीक्षक

चौथ्या प्रश्नाबद्दल. परीक्षेला इंटर्नल आणि एक्सटर्नल दोघे असतात, एक्सटर्नल दुसऱ्या कॉलेजचे. आधी चिठ्ठी उचलायची, त्यावर प्रयोग. मग उत्तरपत्रिकेवर सर्किट, फॉर्म्युले, अपेक्षित आकडे आणि रिकामा ऑब्झर्व्हेशन टेबल. ते दाखवून जोडणी. जोडणी तपासून घेतल्याशिवाय सप्लाय चालू करायचा नाही, हा नियम मोडला तर सुरुवातीलाच मार्क कापतात. मग रीडिंग, गणित, ग्राफ आणि शेवटी तोंडी.

आउटपुट आलं नाही म्हणजे नापास, हा समज काढून टाका. सर्किट बरोबर काढलंय, बेस-एमिटर-कलेक्टरचे व्होल्टेज मोजलेत आणि 'आर२ वर व्होल्टेजच नाही, म्हणून इथे जोडणी सुटलीय' असं सांगता आलं तर चांगले मार्क पडतात. उलट आउटपुट सुंदर आलंय, पण सीआरओवर टाइम-डिव्हिजन किती आहे आणि त्यावरून फ्रिक्वेन्सी कशी काढली हे सांगता येत नाही, तर तिथे अडकता. डिजिटल स्कोपवर ऑटोसेट दाबायची सवय असलेल्यांची हमखास इथेच गाडी रुतते.

तुमच्या हुकलेल्या यादीत ब्रिज रेक्टिफायर आहे, म्हणून एक धोका ठळकपणे सांगतो. इनपुट आणि आउटपुट एकाच वेळी सीआरओच्या दोन चॅनेलवर बघायचा मोह होतो. करू नका. दोन्ही चॅनेलची काळी टोकं सीआरओच्या आत एकमेकांना जोडलेली असतात. एक काळं टोक ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या एका टोकाला आणि दुसरं लोडच्या वजा बाजूला लावलंत की मधला एक डायोड शॉर्ट होतो. त्यानंतरच्या अर्ध्या सायकलला सेकंडरीचा करंट लोड सोडून थेट त्या शॉर्टमधून आणि उरलेल्या खालच्या डायोडमधून जातो. १एन४००७ तापतो, वास येतो आणि मग तो उघडा तरी पडतो किंवा कायमचा शॉर्ट. आधी सेकंडरी एकटी बघा, प्रोब काढा, मग आउटपुट बघा. सेकंडरी आउटपुटच्याच ग्राउंडवरून बघायची असेल तर दोन्ही काळी टोकं लोडच्या वजा बाजूला, दोन लाल टोकं सेकंडरीच्या दोन टोकांना आणि स्कोपवर चॅनेल १ वजा चॅनेल २.

हा प्रश्न तोंडीतही आवडीने विचारतात: सेंटर टॅपच्या फुल-वेव्ह रेक्टिफायरला दोन्ही चॅनेल चालतात, ब्रिजला का नाही? सेंटर टॅप हाच तिथे ग्राउंड असतो, इनपुट-आउटपुट दोघांना समाईक. ब्रिजमध्ये असा समाईक बिंदूच नाही.

रिपल फॅक्टरचंही (डीसीवर उरलेल्या एसीचं प्रमाण) पाठांतर बघायला मिळतं. फिल्टरशिवाय फुल-वेव्हचा ०.४८२, हा आकडा कपॅसिटर लावल्यावरही लिहून ठेवतात. ४७० मायक्रोफॅरड आणि १ के लोड असेल तर ०.००६ च्या आसपास यायला हवा. मोजताना सीआरओ एसी कपलिंगवर घ्या, नाहीतर मोठ्या डीसीवर बसलेला एवढासा रिपल दिसणारच नाही.


तपकीर_गल्ली

घरी सरावाला लागणारं सामान, कोणी विचारलं नाही तरी: ८३० पॉइंटचा ब्रेडबोर्ड, सिंगल स्ट्रँड वायर २२ गेज, पाव वॅटचे रेझिस्टर प्रत्येक किमतीचे पाच-पाच, बीसी५४७ दहा, १एन४००७ दहा, ७४१ (ऑप-अँप आयसी) दोन, १०४ लिहिलेले सिरॅमिक कपॅसिटर दहा म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड, इलेक्ट्रोलिटिक १०, १०० आणि ४७० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचे, एक साधा मीटर. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला सगळं एका दुकानात मिळतं. मल्टिस्ट्रँड वायर घेऊ नका. तिचे तंतू ब्रेडबोर्डच्या भोकात मुडपतात आणि आतल्या आत शेजारच्या ओळीला चिकटतात, मग तास जातो शोधण्यात. १२ व्होल्टसाठी भिंतीचा अडॅप्टर चालेल, पण बिनलोडचं व्होल्टेज आधी मोजा, जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या अडॅप्टरमध्ये १२ च्या जागी १६ सुद्धा दिसतात.


लॅबची_किल्ली

वरच्या यादीत ७४१ आहे म्हणून सांगतो, पुढच्या महिन्यात ऑप-अँप सुरू होईल. त्याला अधिक-उणे १२ व्होल्ट लागतात. ड्युअल सप्लायच्या एका बाजूचं वजा आणि दुसऱ्याचं अधिक जोडून जो मधला बिंदू होतो तो ग्राउंड, आणि तो ब्रेडबोर्डवर आणायचा असतो. मुलं आयसीच्या पिन ७ ला अधिक आणि पिन ४ ला उणे देतात, पण मधला बिंदू सप्लायवरच ठेवतात. मग आउटपुट एका रेलला (सप्लायच्या एका टोकाच्या व्होल्टेजला) जाऊन चिकटतं आणि आयसी बदलायला माझ्याकडे येतात. आयसी बहुतेक वेळा चांगला असतो.


कोरा_जर्नल

पोच घेऊन अर्ज दिला. तक्त्यात बघितलं तर दुसऱ्या एका बॅचचा ब्रिज रेक्टिफायर बुधवारी आहे आणि ती वेळ मला मोकळी आहे, चिठ्ठीवर दोन्ही सह्या मिळाल्या. बायसिंग आणि सीई एकाच टर्नमध्ये करता येतील का? सर्किट तर तेच दिसतंय.


सेमीलॉग

करता येतील, कारण बायसिंगची रीडिंग म्हणजे डीसी_आधी यांनी सांगितलेला पहिला टप्पाच. फक्त सरांना आधी विचारा आणि वहीत दोन वेगळी प्रॅक्टिकल्स म्हणून लिहा, दोन वेगळ्या सह्या घ्या. बायसिंगमध्ये ट्रान्झिस्टर बदलून तीच तीन व्होल्टेज पुन्हा घ्यायची असतात, त्यासाठी वेगळ्या बीटाचे निदान दोन बीसी५४७ मागून घ्या, एकावर बी आणि दुसऱ्यावर सी लिहिलेला मिळाला तर उत्तम. फिक्स्ड बायसला कलेक्टर व्होल्टेज बरंच हलेल, डिव्हायडरला थोडंसंच. ग्राफसाठी सेमीलॉग कागद (एक अक्ष लॉग स्केलचा) येताना घेऊन या, लॅबमध्ये मिळत नाही. १० हर्ट्झ ते १ मेगाहर्ट्झला पाच सायकलचा लागतो.